आकाशातली भाषा कुणाच्या मालकीची?

ग्लायडरला इंजिन नसते. दुसरे विमान किंवा जमिनीवरचे विंच त्याला दोरीने ओढून काही शे मीटर वर नेते, दोरी सुटते, आणि तिथून पुढे वर जाण्याचे साधन एकच उरते: तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा. उन्हाळ्याच्या दुपारी घारी पंख न हलवता गिरक्या घेत चढतात, ते याच हवेच्या जोरावर. एका घारीला जागा सापडली की चार-पाच घारी तिथे जमतात. ग्लायडरचे वैमानिकही तेच करतात. कुणी वर चढताना दिसला की बाकीचे त्याच्याकडे वळतात आणि थोड्याच वेळात हवेच्या त्याच अरुंद खांबात पाच-दहा ग्लायडर एकमेकांभोवती फिरू लागतात. इतर विमानांना दुसऱ्या विमानापासून जितके दूर राहता येईल तितके बरे असते. ग्लायडरला मात्र दुसऱ्या ग्लायडरच्या जवळ जावेच लागते, कारण उचल तिथेच असते. डोंगराच्या कड्याला आपटून वर उठणाऱ्या वाऱ्यावर उडतानाही हीच गत. आल्प्समध्ये एकाच उतारावरून दोन्ही दिशांनी ग्लायडर ये-जा करत असतात.

या खेळात धडक टाळण्याचा अधिकृत उपाय पूर्वापार एकच होता. डोळे उघडे ठेवा, दुसरा दिसला की बाजूला व्हा. हा उपाय किती तोकडा आहे, हे डोळ्याच्या रचनेवरूनच कळते. माणसाला बारीक तपशील दिसतो तो नजरेच्या अगदी मधल्या, एक-दोन अंशांच्या टापूत. त्याबाहेरच्या भागाला तपशील कळत नाही, हालचाल मात्र चटकन कळते. आडवे जाणारे विमान म्हणूनच लगेच लक्षात येते. पण दोन विमाने सरळ रेषेत उडत नेमकी एकाच बिंदूकडे निघाली असतील, तर एकाच्या काचेवर दुसरे सरकताना दिसतच नाही. ते एका जागी ठिपक्यासारखे चिकटून राहते आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठे होते. म्हणजे जे विमान धडकणार नाही ते डोळ्याला आधी दिसते आणि जे धडकणार आहे ते सर्वांत शेवटी.

त्यात भर वेगाची. समोरासमोर येणारी दोन ग्लायडर प्रत्येकी ताशी 150 किलोमीटर वेगाने उडत असतील, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला 83 मीटरने कमी होते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पत्रकात एक हिशोब दिलेला आहे. वस्तू दिसणे, ती विमान आहे हे उमगणे, ते आपल्यावर येत आहे हे कळणे, वळायचे ठरवणे, हात हलणे आणि विमान वळणे, या सगळ्याला मिळून 12.5 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ही दोन ग्लायडर एक किलोमीटरहून थोडे जास्त अंतर एकमेकांकडे आलेली असतात. आणि एक किलोमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण 30 सेंटीमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा दिसत नाही. ग्लायडरच्या पंखाची जाडी त्याहून कमी असते. रंग पांढरा आणि मागे ढग. वैमानिकाने कितीही दक्ष राहायचे म्हटले तरी डोळ्याच्या मर्यादेपुढे शिस्तीचे फारसे चालत नाही.

मोठ्या प्रवासी विमानांत यावर टीकॅस ही यंत्रणा असते. ती ग्लायडरच्या कामाची नव्हती. तिला वीज भरपूर लागते, तर ग्लायडरमध्ये सगळी भिस्त एका लहानशा बॅटरीवर. शिवाय सरळ उडणाऱ्या विमानांसाठी बेतलेली यंत्रणा गिरक्या घेणाऱ्या घोळक्यात सोडली, तर ती सतत बोंबलत राहील आणि वैमानिक तिचा आवाज बंद करून टाकेल. 2000 नंतरच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या काही अभियंत्यांनी यावर वेगळा तोडगा काढला. हे लोक स्वतः ग्लायडर उडवणारे होते आणि हवेतल्या धडकांचे मृत्यू त्यांनी जवळून पाहिलेले होते. त्यातून 2004 मध्ये फ्लार्म हे उपकरण बाजारात आले. ते उपग्रहांवरून स्वतःचे स्थान घेते, हवेच्या दाबावरून उंची घेते, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठे असू याचा अंदाज बांधते आणि तो एका क्षीण रेडिओ संदेशातून दर सेकंदाला आसपास पसरवते. दुसऱ्याचा संदेश ऐकते, दोन्ही वाटा ताडून पाहते. धडकेला साधारण 18 सेकंद उरली की दिवा आणि आवाज सुरू होतो. 12.5 आणि 18 यांच्यातला फरक लहान दिसतो. जीव वाचतो तो त्याच फटीत.

उपकरण स्वस्त होते, बॅटरी फारशी खात नव्हते आणि गिरक्यांचे गणित त्याला कळत होते. कोणत्याही सरकारने सक्ती करण्याआधीच युरोपभरच्या क्लबांनी ते विकत घेतले. आज जगभरात 50 हजारांहून अधिक विमानांत ते आहे. नियामकांच्या आधी वापरणाऱ्यांनी स्वतः उभे केलेले असे सुरक्षा-साधन विमान वाहतुकीत क्वचितच सापडेल. पुढच्या टीकेआधी हे श्रेय त्या अभियंत्यांना निखळपणे द्यायला हवे.

अडचण आहे ती त्या रेडिओ संदेशाची. तो कोणत्या साच्यात लिहायचा, हे कंपनी जाहीर करत नाही. संदेश कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली कंपनीशी परवान्याचा करार करणाऱ्या उत्पादकांनाच मिळते. असे उत्पादक बरेच आहेत, त्यामुळे बाजारात नावे वेगवेगळी दिसतात, पण आतली भाषा एकाच घरची असते. उपकरणातली आज्ञावली वर्षातून किमान एकदा अद्ययावत करावी लागते. मुदत उलटली की उपकरण काम करत नाही. 2015 मध्ये संदेशाचा साचा बदलला, तेव्हा ठरावीक तारखेच्या आत सगळ्यांनी नवी आवृत्ती टाकून घेणे भाग होते. हवेत उडणारे हजारो लोक कोणत्या दिवसापासून कोणत्या भाषेत बोलतील, हे एका खासगी कंपनीच्या वेळापत्रकाने ठरले. कंपनी चांगली असेल, वेळापत्रकही वाजवी असेल. तरी हा अधिकार कंपनीकडे आला कुठून, हा प्रश्न उरतोच.

त्याचा परिणाम आकाशात दिसतो. ज्यांना परवाना परवडत नाही किंवा नको आहे, त्यांनी आपापल्या भाषा काढल्या. ब्रिटनमध्ये हलक्या विमानांसाठी पायलटअवेअर आले. पॅराग्लायडर उडवणाऱ्यांत फॅनेट रुजले, ज्याचा साचा कुणालाही वाचायला खुला आहे. स्वयंसेवकांनी जमिनीवर अँटेना लावून ओपन ग्लायडर नेटवर्क उभे केले, त्यांच्या ट्रॅकरची भाषा आणखी वेगळी. ही सगळी मंडळी युरोपात 868 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या त्याच बिनपरवाना पट्ट्यात बोलतात. म्हणजे लहरी तशाच, अँटेना तशीच, कित्येकदा आतली चिपही तशीच. तरी एकाचे दुसऱ्याला कळत नाही. ब्रिटिश सरकारने 2020 मध्ये अशा उपकरणांसाठी निम्म्या किमतीपर्यंत, कमाल 250 पौंडांचे अनुदान दिले. हेतू चांगला होता. पण भाषा कोणती, हे ठरवण्याआधीच पैसे वाटले गेले आणि सरकारी मदतीने घेतलेली दोन उपकरणे एकमेकांना न ओळखता शेजारून जाऊ शकतील अशी स्थिती राहिली. मग तिथल्या उत्साही मंडळींनी जमिनीवर दुभाषी केंद्रे उभारली. ती एका भाषेतला संदेश पकडून दुसऱ्या भाषेत पुन्हा हवेत सोडतात. केंद्राच्या टापूत असेपर्यंत ठीक. डोंगराआड गेले की पुन्हा मुके.

याहून विचित्र तडजोड पॅराग्लायडरच्या काही उपकरणांत आहे. ती परवान्यानुसार फ्लार्मच्या भाषेत स्वतःचे स्थान सांगतात, पण त्या भाषेतले दुसऱ्याचे बोलणे ऐकत नाहीत. ग्लायडरला पॅराग्लायडर दिसतो. पॅराग्लायडरला ग्लायडर दिसत नाही. हवेत कमी वेगाचा आणि जास्त नाजूक कोण, हे सांगायला नको.

कंपनीची बाजू पोकळ नाही. पहिला मुद्दा विश्वासार्हतेचा. एखाद्याने घरी जोडलेले सदोष यंत्र चुकीचे स्थान सांगू लागले, तर त्याची किंमत दुसऱ्या वैमानिकाने मोजायची, आणि खोटे इशारे वाढले की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. दुसरा मुद्दा गर्दीचा. एकाच अरुंद पट्ट्यात शंभर यंत्रांनी बोलायचे तर प्रत्येकाने आपली पाळी सांभाळावी लागते. एकजण घुसला की सगळ्यांचे संदेश खराब होतात. तिसरा खासगीपणाचा. कोण कुठे उडतो आहे हे वाटेल त्याने घरबसल्या पाहावे, हे अनेक वैमानिकांना मान्य नाही. स्पर्धेत तर एकाने शोधलेली चांगली उचल दुसऱ्याने पडद्यावर पाहून गाठणे हा खेळाचाच प्रश्न होतो. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. फक्त, त्यांचे उत्तर म्हणून गुप्तता हा एकच उपाय आहे, हे गृहीत धरले जाते तिथे गफलत होते.

हा वाद शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलेला आहे, आणि तोही रेडिओवरच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवरच्या बिनतारी यंत्रणेत मार्कोनींच्या कंपनीचे वर्चस्व होते. यंत्रे कंपनीची, ती चालवणारा माणूसही कंपनीचा. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावरून आलेल्या संदेशाला, आणीबाणी वगळता, उत्तर द्यायचे नाही असे धोरण होते. 1902 मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हेन्री अमेरिकेहून ‘डॉइचलांड’ जहाजाने परतत होता. जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते आणि मार्कोनींच्या केंद्रांनी त्याचे संदेश घेतले नाहीत, अशी तक्रार झाली. राजपुत्राचा मान दुखावला म्हणून का होईना, 1903 मध्ये बर्लिनला परिषद भरली. मार्कोनी पक्षाचे म्हणणे आजच्याशी थक्क करणारे साम्य राखते: केंद्रे आम्ही आमच्या पैशाने उभारली, इतरांनी फुकट लाभ का घ्यावा, आणि परक्या यंत्रांनी गोंधळ माजवला तर जबाबदार कोण? 1906 च्या बर्लिन करारात ठरले की किनाऱ्यावरच्या केंद्राने जहाजावर यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, संदेश घ्यायलाच हवा. याच करारात एसओएस हा संकटाचा संकेतही जगाने स्वीकारला. जहाजाने जहाजाशी बोलण्याचे बंधन मात्र 1912 च्या लंडन परिषदेत आले, टायटॅनिक बुडाल्यानंतर काही आठवड्यांनी. मार्कोनींची कंपनी यामुळे बुडाली नाही. ती पुढेही यंत्रे विकत राहिली, फक्त समुद्रातल्या संभाषणावरची तिची मालकी गेली.

विमान वाहतुकीनेही हाच रस्ता धरला. भारताला त्याची किंमत ठाऊक आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग 747 आणि कझाकस्तानचे इल्युशिन 76 यांची धडक झाली आणि 349 जण गेले. त्यानंतर भारतीय हवाई हद्दीत उडणाऱ्या मोठ्या विमानांवर टीकॅससारखी धडकरोधक यंत्रणा बंधनकारक झाली. ही सक्ती करता आली, कारण त्या यंत्रणेची भाषा कुणा एका उत्पादकाची नाही. ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत लिहिलेली आहे. वेगवेगळ्या कंपन्या यंत्रे बनवतात, प्रत्येकाला चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि समोरच्या विमानात कोणाचे यंत्र आहे याचा वैमानिकाला विचारही करावा लागत नाही. एका कंपनीच्या गुप्त साच्यावर सरकारने अशी सक्ती केली असती, तर ती त्या कंपनीला दिलेली सनद ठरली असती.

इथे एक भेद करायला हवा, कारण खुल्या मानकांचे कट्टर समर्थक तो बऱ्याचदा पुसून टाकतात. संदेश वेगळा आणि हिशोब वेगळा. ‘मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर आहे, अमुक वेगाने असा वळतो आहे’ हा संदेश. तो ऐकून धोका आहे की नाही, इशारा कधी द्यायचा, गिरकीतला शेजारी आणि अंगावर येणारा परका यांत फरक कसा करायचा, हा हिशोब. टीकॅसमध्ये दोन्ही ठरवून द्यावे लागले, कारण तिथे यंत्र एका विमानाला वर आणि दुसऱ्याला खाली जायला सांगते. दोघांचे गणित जुळले नाही तर अनर्थ. ग्लायडरचे यंत्र असा आदेश देत नाही. ते फक्त इशारा देते, निर्णय वैमानिकाचा. म्हणून फ्लार्मने आपला हिशोब खुशाल तिजोरीत ठेवावा. वीस वर्षांच्या मेहनतीने घडलेले ते कौशल्य आहे आणि त्याच्या जोरावर कंपनीने यंत्रे विकावीत, यात गैर काहीच नाही. संदेशाची गोष्ट वेगळी. तो सगळ्यांना कळला तरच त्याचा उपयोग. जो संदेश मुद्दाम काहींना कळू नये असा केला आहे, तो तेवढ्या लोकांपुरता धडक टाळण्याचे काम करत नाही.

आणि विश्वासार्हतेचे काय? ती गुप्ततेने येत नाही, चाचणीने येते. साचा जाहीर असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळा तपासू शकते की एखादे यंत्र पाळी पाळते का, स्थान बरोबर सांगते का. साचा गुप्त असेल तर तपासणारा आणि विकणारा एकच राहतो. गुप्ततेने घरगुती यंत्रे थांबलेलीही नाहीत. हौशी मंडळींनी जुना साचा उकलून स्वतःची उपकरणे केली, ती हवेत आहेत, आणि परवान्याबाहेर असल्यामुळे त्यांना कुणीच तपासत नाही. खासगीपणाचा मुद्दा मात्र इतका सोपा नाही. प्रवासी विमानांच्या एडीएस-बी या खुल्या यंत्रणेत कोणीही शे-दोनशे डॉलरच्या सामानावर विमानांचा माग काढू शकतो, आणि बनावट संदेशही सोडता येतो. खुलेपणाची ही खरी किंमत आहे. बदलत्या ओळख-क्रमांकांसारखे उपाय त्यावर काढता येतात, पण ते पूर्ण नाहीत. मग निवड करावी लागते, आणि ‘आपण कुठे उडत होतो हे कळेल’ आणि ‘आपण समोर आहोत हे कळणार नाही’ या दोन तोट्यांचे वजन सारखे नाही.

युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईसाने, डिसेंबर 2022 मध्ये एडीएस-एल नावाचे मानक प्रसिद्ध केले. शेवटचे ‘एल’ म्हणजे लाइट, हलके. तोच बिनपरवाना पट्टा, तशीच स्वस्त यंत्रे, पण संदेशाचा साचा कुणालाही वाचता येईल असा. निमित्त ग्लायडरचे नव्हते, ड्रोनचे होते. 26 जानेवारी 2023 पासून युरोपात ड्रोनसाठी राखलेल्या हवाई क्षेत्रांत, जिथे नियंत्रण कक्षाची सेवा नाही, तिथे माणूस बसलेल्या विमानांनी आपले अस्तित्व रेडिओवरून सांगणे बंधनकारक झाले. सक्ती करायची म्हटल्यावर खुला साचा लागणारच. जे काम ग्लायडरवाल्यांचा जीव करू शकला नाही, ते पार्सल पोहोचवणाऱ्या यंत्रांनी केले, याची थोडी गंमत वाटायला हरकत नाही. पण मानक प्रसिद्ध होणे आणि ते प्रत्येक विमानात पोहोचणे यांत अंतर आहे. हजारो विमानांत बसलेली यंत्रे आधी दोन्ही भाषा बोलू लागली, तर ते अंतर लवकर कमी होईल. तसे करणे कुणाच्या फायद्याचे, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या हिशोबाने ठरवेल. म्हणूनच ठराविक मुदत नियामकाने घालून द्यायला हवी.

भारतात ग्लायडर मोजकेच. पुण्यात हडपसरचे केंद्र आहे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतले, आणि तिथल्या आकाशात आल्प्ससारखी गर्दी होत नाही. गर्दी वाढते आहे ती पॅराग्लायडरची. कामशेत, पाचगणी आणि हिमाचलातले बीर-बिलिंग इथे हंगामात एकाच टेकडीवरून पर्यटकांना घेऊन उडणारे, शिकाऊ आणि परदेशी पाहुणे असे सगळे एकत्र असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये बीर-बिलिंगला हवेत दोन पॅराग्लायडर धडकून एका बेल्जियन वैमानिकाचा मृत्यू झाला. परदेशातून येणारा प्रत्येकजण आपापले उपकरण आणि आपापली भाषा घेऊन येतो. इथल्या बहुतेकांकडे कोणतेच उपकरण नसते.

म्हणजे युरोपने जे आधी विकत घेतले आणि नंतर ठरवले, ते इथे आधी ठरवता येईल. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, त्यामुळे लहरींची अडचण नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत ड्रोनवर माग देणारा बीकन बंधनकारक करण्याची तरतूद आहे. त्या बीकनचा साचा लिहिताना महासंचालनालयाने तो प्रसिद्ध करावा, पॅराग्लायडरच्या उपकरणांनाही तोच लागू ठेवावा आणि चाचणीची सोय स्वतंत्र संस्थेकडे द्यावी. उड्डाणस्थळांवर व्यवसायाचे परवाने राज्य सरकारांच्या हातात असतात. एकत्र उडणाऱ्या दोघांना एकमेकांचे ऐकू येईल असे उपकरण ही त्या परवान्याची अट होऊ शकते. त्याआधी कुणा एका कंपनीची पाचशे उपकरणे घाऊक खरेदी करून फीत कापण्याचा मोह एखाद्या पर्यटन खात्याला झालाच, तर निविदेत एक ओळ तपासून घ्यावी: संदेशाचा साचा खरेदीदाराला मिळणार आहे की नाही.